बंद खोलीतील दोघे : स्वीडिश चित्रपटातील प्रेम, विवाह आणि भाषा

स्वीडिश भाषेत 'यिफ्त' हा एकच शब्द 'विवाहित' आणि 'विष' असे दोन अर्थ वाहतो. दोन्ही अर्थांचे मूळ 'देणे' या क्रियापदात आहे. मुलगी दिली जाते, तशी औषधाची मात्राही दिली जाते. पुढे त्या मात्रेचे विष झाले. ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग याने १८८४ मध्ये विवाहविषयक कथांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याचे नाव 'यिफ्तास', म्हणजे 'विवाह करणे', असे आहे; आणि ते नाव उच्चारताना दुसरा अर्थ स्वीडिश कानाला ऐकू आल्यावाचून राहत नाही. मराठीतील 'संसार' या शब्दाची गत काहीशी अशीच आहे. दोघांचे घर म्हणजे संसार, आणि ज्यातून सुटावयाचे ते भवचक्र म्हणजेही संसारच. फरक इतकाच की मराठी शब्दातील दुसरा अर्थ अध्यात्माकडे नेतो, तर स्वीडिश शब्दातील दुसरा अर्थ घरातल्याच औषधांच्या कपाटाकडे.

स्वीडिश चित्रपटातील दुभंगलेल्या दाम्पत्यांची चर्चा भारतात बहुधा इंगमार बर्गमन (१९१८–२००७) या एका नावाभोवती फिरते, आणि तीही बऱ्याचदा त्याच्या पाच विवाहांच्या हिशेबात अडकते. उत्तरेकडील दीर्घ हिवाळा, प्रॉटेस्टंट पापजाणीव, एकाकीपणा ही स्पष्टीकरणेही ठरावीकच आहेत. हिवाळा फिनलंडमध्येही आहे आणि पापजाणीव डेन्मार्कमध्येही. तरीही पती-पत्नींनी एका खोलीत बसून परस्परांची उलटतपासणी करावी हा रूपबंध इतक्या सातत्याने स्वीडिश चित्रपटातच का विकसित झाला, याचा उलगडा त्यातून होत नाही. प्रस्तुत लेखात या रूपबंधाचा शोध दोन दिशांनी घेतला आहे : एक, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कँडिनेव्हियात झालेला विवाहविषयक वाङ्मयीन वाद, आणि दोन, विवाहविच्छेदाचा कायदा. चित्रपटांची नावे सोयीसाठी बहुतेक ठिकाणी मराठी अर्थाने दिली आहेत.

वादाची सुरुवात स्वीडनमध्ये झाली नाही. हेन्रिक इब्सेन या नॉर्वेजियन नाटककाराचे 'बाहुलीघर' १८७९ मध्ये आले. त्यातील नोराने नवरा आणि मुले सोडून दार ओढून घेतले आणि त्या दाराचा आवाज पुढील अर्धशतक युरोपभर घुमत राहिला. मराठीतही तो पोचला; अनंत काणेकरांचे 'घरकुल' (१९४१) हे त्याचेच रूपांतर. त्याआधी १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने रंगभूमीवर आणलेले श्री. वि. वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' हेही ब्यॉर्नसन या दुसऱ्या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावर आधारलेले होते. म्हणजे विवाहसंस्थेला प्रश्न विचारणारे नॉर्वेजियन नाटक मराठी वाचक-प्रेक्षकाला परिचित आहे. त्या प्रश्नाला मिळालेले स्वीडिश उत्तर मात्र तितकेसे परिचित नाही, आणि येथे महत्त्व आहे ते त्या उत्तराचेच.

'यिफ्तास'मध्ये स्ट्रिंडबर्गने 'बाहुलीघर' याच नावाची एक कथा लिहिली आहे. नौदलातील एक कप्तान सागरावर असताना त्याला पत्नीचे पत्र येते, सोबत इब्सेनचे नाटक. एका मैत्रिणीच्या सहवासात पत्नीला अचानक आपला सुखाचा संसार बाहुलीघर वाटू लागला आहे. कप्तान घरी येतो, वाद घालत नाही. त्या मैत्रिणीशीच गोडीगुलाबीने वागू लागतो. पत्नीचा मत्सर जागा होतो आणि तत्त्वज्ञान मावळते. कथा म्हणून ही खोडसाळ आहे आणि स्त्रीविषयक दृष्टीने अन्यायकारकही. ज्या प्रस्तावनेत स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी केली आहे, त्याच पुस्तकात ही कथा यावी हा स्ट्रिंडबर्गचा नेहमीचा विसंवाद. (या पुस्तकावर खटला भरला गेला तो विवाहाविषयीच्या मतांमुळे नव्हे, तर ख्रिस्तप्रसादाच्या विधीविषयीच्या एका उल्लेखामुळे, त्यात तो निर्दोष सुटला.) पण या कथेतील एक गोष्ट रूपबंधाच्या दृष्टीने निर्णायक आहे. इब्सेनचे नाटक दार बंद होण्याच्या आवाजाने संपते. स्ट्रिंडबर्गचे लेखन दार बंद झाल्यावर आत उरलेल्या दोघांपासून सुरू होते. 'मृत्युनृत्य' (१९००) या नाटकात हे पूर्णत्वास जाते. एका बेटावरील किल्ल्यात एडगर आणि अॅलिस जवळजवळ पंचवीस वर्षे परस्परांना छळत आली आहेत, आणि पहिल्या भागाच्या अखेरीस ती ठरवितात काय, तर विवाहाचा रौप्यमहोत्सव साजरा करण्याचे. १९०७ मध्ये स्टॉकहोममध्ये स्ट्रिंडबर्ग आणि नट आउगुस्त फाल्क यांनी केवळ १६१ आसनांचे 'इंतिमा' हे नाट्यगृह सुरू केले. त्यासाठी लिहिलेल्या नाटकांना स्ट्रिंडबर्गने संगीतातील संज्ञा उसनी घेऊन कक्षनाट्य म्हटले. थोडी पात्रे, एक खोली, प्रेक्षक हाताच्या अंतरावर. चित्रपटातील समीपदृश्याची पूर्वतयारी या छोट्या नाट्यगृहात होत होती असे म्हणणे फारसे धाडसाचे ठरू नये.

दुसरी दिशा कायद्याची. स्वीडनमध्ये १९१५ च्या विवाहविषयक कायद्याने 'खोल आणि कायमचा बेबनाव' एवढ्या कारणावर, कोणाचाही अपराध सिद्ध न करता, दोघांच्या संमतीने प्रथम विभक्त राहण्याची आणि एक वर्षानंतर विवाहविच्छेदाची वाट मोकळी झाली. १९२० च्या विवाहसंहितेने विवाहित स्त्रीला पतीच्या पालकत्वातून मुक्त केले. भारतात हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली हे ध्यानात घेतले, तर साठ वर्षांचे हे अंतर कथानकाच्या दृष्टीने किती मोठे आहे ते कळते. जेथे सुटता येत नाही तेथे कथेचा प्रश्न 'सुटका कशी होईल' हा असतो. जेथे कायद्याने दार उघडून ठेवले आहे तेथे तो प्रश्न उरत नाही. मग दुसराच, अधिक अडचणीचा प्रश्न पुढे येतो : दार उघडे असताना ही दोघे आत का बसली आहेत?

स्वीडिश मूकपटाचा वैभवकाळ नेमका याच वर्षांतला. व्हिक्टर स्योस्त्रोमचा 'बर्ग-एविंद आणि त्याची पत्नी' (१९१८) हा योहान सिगुरयोनसन या आइसलँडिक लेखकाच्या नाटकावरून केलेला चित्रपट वरवर पाहता उत्कट प्रेमाची कथा आहे. धनवान विधवा हल्ला आपल्या फरारी प्रियकरासाठी घरदार सोडून डोंगरात निघून जाते. धबधबे, कडे, उघडे आकाश. स्योस्त्रोमने निसर्गाला पात्राचा दर्जा दिला असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात ते यथार्थच आहे. पाठलाग करणारे जवळ येतात तेव्हा हल्ला स्वतःच्या मुलीला कड्यावरून फेकून देते. सामान्य प्रेमकथा येथे संपली असती. स्योस्त्रोम मात्र आणखी पुढे जातो. अखेरच्या भागात बर्फाच्या वादळात एका झोपडीत अडकलेली, उपाशी, म्हातारी झालेली ही दोघे एकमेकांना दोष देत भांडत बसलेली दिसतात. ज्या प्रेमासाठी सर्वस्व सोडले ते प्रेम खरे होते की नाही, हा वाद घालण्याइतकेच बळ त्यांच्यात उरले आहे. ती बाहेर वादळात निघून जाते. तो तिला शोधतो आणि दोघे एकत्र गोठून मरतात. मृत्यूतील मीलन हा स्वच्छंदतावादी संकेत पाळला गेला आहे खरा, परंतु प्रेक्षकाच्या मनात राहते ती झोपडी. स्वीडिश चित्रपटातील दाम्पत्याची पहिली बंद खोली ती हीच. स्योस्त्रोमसोबत हल्लाची भूमिका करणारी एडिथ एरास्टॉफ पुढे त्याची पत्नी झाली, हे केवळ जाता जाता.

सेल्मा लागरलॉफच्या कादंबरीवरून स्योस्त्रोमनेच केलेला 'मृत्यूचा सारथी' (१९२१) सहसा त्यातील दुहेरी छायाचित्रणासाठी आठवला जातो. विवाहकथा म्हणून तो वाचला तर एक वेगळीच गोष्ट हाती लागते. दारुडा डेव्हिड होल्म पत्नी-मुलांना छळतो, पत्नी त्याला सोडून जाते, आणि मुक्तिफौजेतील सिस्टर एडिट सद्हेतूने या दोघांना पुन्हा एकत्र आणते. संकट तेथून खऱ्या अर्थाने सुरू होते. बंद दार कुऱ्हाडीने फोडून होल्म पत्नीपर्यंत येतो, ते दृश्य प्रसिद्धच आहे. मृत्युशय्येवरील एडिटला जी टोचणी लागली आहे ती आपण जुळवून आणलेल्या या मीलनाची. मोडलेला संसार सांधणे हे पुण्यकर्म, या सार्वत्रिक समजुतीलाच येथे धक्का दिला आहे. शेवटी होल्मचे हृदयपरिवर्तन होते हे खरे. पण तो शेवट कादंबरीच्या धार्मिक चौकटीने मागितलेला आहे.

मॉरिट्झ स्टिलरचा 'एरोटिकोन' (१९२०) याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. कीटकशास्त्राचे प्राध्यापक भुंगेऱ्यांच्या बहुपत्नीकत्वावर व्याख्यान देतात, आणि त्यांची पत्नी एका शिल्पकाराच्या प्रेमात असते. अखेर पत्नी शिल्पकाराकडे जाते, प्राध्यापक आवडीचा स्वयंपाक करणाऱ्या भाचीच्या सहवासात सुखी होतात. कोणाला शिक्षा होत नाही, कोणी मरत नाही. मूळ नाटक हंगेरियन आहे. पण विवाहविच्छेद ही शोकांतिका नसून घरातील सामान हलविण्यासारखी गैरसोय आहे, हा सूर १९१५ च्या कायद्यानंतरच्या स्टॉकहोममध्ये सहज लागावा यात नवल नाही. बर्गमनच्या 'उन्हाळरात्रीचे स्मित' (१९५५) या सुखात्मिकेत जोडप्यांची अदलाबदल होते आणि यंत्राने भिंतीतून सरकणारा पलंग झोपलेल्या तरुणीला प्रियकराच्या खोलीत आणून ठेवतो, तेव्हा तो स्टिलरचाच वारसा चालवीत असतो. या चित्रपटाला १९५६ च्या कान महोत्सवात काव्यात्म विनोदासाठी पुरस्कार मिळाला आणि बर्गमनला निर्मात्यांपाशी स्वातंत्र्य मिळाले. कलेच्या इतिहासात शोकात्म लेखकाला सुखात्मिकेने हात दिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आल्फ श्योबर्गचा 'मिस ज्युली' (१९५१) तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने विशेष पाहावा असा आहे. स्ट्रिंडबर्गच्या १८८८ च्या एकांकी नाटकात एक स्वयंपाकघर, एक रात्र आणि तीन पात्रे आहेत. ज्युलीच्या आईवडिलांचा विवाह कसा विषारी होता हे तेथे फक्त तिच्या तोंडून कळते. श्योबर्ग हे निवेदन दृश्य करतो. परंतु प्रचलित पद्धतीने चित्र पुसट करून भूतकाळात जात नाही. ज्या चौकटीत ज्युली बोलत उभी आहे त्याच चौकटीत, छायाचित्रणात कोणताही खंड न पाडता, तिची आई चालत येते. बालपणीची ज्युली आणि आजची ज्युली एकाच दृश्यात नांदतात. रंगभूमीवर जे वाक्य होते ते चित्रपटात सहवास होते. आईवडिलांचा विवाह हा मुलांसाठी कधी भूतकाळ होतच नाही, हे विधान येथे संवादाने नव्हे तर चित्रचौकटीच्या रचनेने केले आहे. माध्यमांतर म्हणजे संहितेची दृश्य आवृत्ती नव्हे, माध्यमांतर हे भाष्य असते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण वर्गात देता येणे कठीण. कान येथे या चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले. बर्गमनने सहा वर्षांनंतर 'रानस्ट्रॉबेरीची जागा'मध्ये वृद्ध इसाक बोर्गला त्याच्या बालपणीच्या माणसांसमवेत उभे केले, त्यामागे श्योबर्गचा हा पाठ आहे.

बर्गमनच्या १९४९ ते १९५७ या काळातील विवाहचित्रे एकत्र ठेवून पाहिली, तर एक बाब नजरेत भरते. दाम्पत्य बहुधा एखाद्या वाहनात किंवा फिरत्या खोलीत कोंडलेले असते. 'तृष्णा' (१९४९) या, बिर्गिट टेंग्रोथच्या कथांवरून केलेल्या चित्रपटात रूट आणि बर्टिल रेल्वेच्या डब्यातून युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीमधून स्वीडनकडे परतत आहेत. खिडकीबाहेर भुकेल्या माणसांचे हात, आत दोघांचा न संपणारा कलह. ती त्यांना अन्न देतात आणि पुन्हा भांडू लागतात. बर्टिलला स्वप्न पडते की आपण तिला ठार मारले. जागा होऊन ती जिवंत दिसताच त्याला हायसे वाटते, आणि एकट्याने राहण्यापेक्षा दोघांनी मिळून नरकात राहणे बरे अशा निष्कर्षाला तो येतो. 'मृत्युनृत्या'तील रौप्यमहोत्सवच येथे रेल्वेच्या डब्यात साजरा होत आहे. 'स्त्रियांची प्रतीक्षा' (१९५२) मध्ये मेजवानीहून परतणारे प्रौढ पती-पत्नी रात्रभर लिफ्टमध्ये अडकतात. एव्हा डालबेक आणि गुनार ब्यॉर्नस्ट्रँड यांनी रंगविलेला हा प्रसंग बर्गमनच्या विनोदबुद्धीचा पहिला खणखणीत पुरावा आहे. बाहेर पडता येत नाही म्हणून दोघे बोलू लागतात, बोलता बोलता जवळ येतात; सकाळी लिफ्ट सुरू होते आणि रात्रीची आश्वासने कामाच्या गडबडीत मागे पडतात. 'रानस्ट्रॉबेरीची जागा' (१९५७) मध्ये वाहन मोटारीचे आहे. अपघातातून वाचलेले आल्मान दाम्पत्य वाटेत गाडीत घेतले जाते. ती दोघे परक्यांसमोर एकमेकांचा इतका निर्दय पाणउतारा करतात की अखेर इसाकची सून मारियान त्यांना उतरण्यास सांगते. मागे बसलेल्या तरुण मुलांकरिता, असे कारण ती देते. हा प्रसंग चित्रपटात जेमतेम काही मिनिटांचा आहे. पण मारियान स्वतः गर्भवती आहे, तिच्या नवऱ्याला मूल नको आहे, आणि आल्मान दाम्पत्यात तिने आपलेच भविष्य पाहिले आहे. इसाक या भूमिकेत खुद्द स्योस्त्रोम आहे, हे लक्षात घेतले की झोपडीपासून मोटारीपर्यंतचा वारसा एका चेहऱ्यावर वाचता येतो.

बू विडरबर्गला हा सारा प्रकार बंदिस्त आणि ऊर्ध्वमुखी वाटत होता. १९६२ च्या आपल्या पुस्तिकेत त्याने स्वीडिश चित्रपटावर आणि विशेषतः बर्गमनवर टीका केली. माणूस आणि ईश्वर यांच्या उभ्या नात्याऐवजी माणसामाणसातील आडवे नाते चित्रपटाने पाहावे, असा तिचा रोख होता. त्याचा 'एल्विरा मादिगान' (१९६७) ही १८८९ मधील सत्यघटना आहे : विवाहित सेनाधिकारी सिक्स्टेन स्पारे आणि दोरीवर चालणारी कसरतपटू एल्विरा पळून जातात आणि डेन्मार्कमधील टोसिंग बेटावर जीवन संपवितात. उन्हाळ्याचा प्रकाश, मोझार्टचे संगीत, गवतावरील फुलपाखरू यांमुळे हा चित्रपट केवळ देखणा म्हणून हिणविला गेला. तो अन्याय आहे. दोघांचे पैसे संपत जातात, ती रानातली फळे खातात, तिने नाचून चार पैसे मिळवावेत की नाही यावरून त्यांच्यात बेबनाव होतो. प्रेम निसर्गावर जगत नाही. त्याला भाकरी लागते, आणि भाकरी समाजाकडूनच येते. विडरबर्गच्या देखण्या चौकटीतील हा अर्थशास्त्रीय तपशील बर्गमनच्या सुस्थितीतील दाम्पत्यांपाशी कधी फिरकत नाही.

त्यानंतरच्या सहाव्या वर्षी, १९७३ च्या वसंतात, स्वीडिश दूरचित्रवाणीवर 'एका विवाहाची दृश्ये' ही सहा भागांची मालिका आली. एकूण लांबी सुमारे पावणेपाच तास. पुढे चित्रपटगृहांसाठी ती सुमारे पावणेतीन तासांची करण्यात आली. अभ्यासकाने शक्य तेथे मूळ मालिकाच पाहावी. कापलेल्या आवृत्तीत घटना राहतात, पण भागाभागांमधील विराम जातो, आणि या कृतीत विरामांना अर्थ आहे. योहान (एरलँड योसेफसन) बेचाळीस वर्षांचा, प्राध्यापक. मारियान (लिव्ह उलमन) पस्तीस वर्षांची, कौटुंबिक दाव्यांची वकील. विवाहाला दहा वर्षे झालेली, दोन मुली. पहिल्याच दृश्यात एका मासिकासाठी त्यांची आदर्श दाम्पत्य म्हणून मुलाखत चालू आहे. योहानला स्वतःचे वर्णन विचारताच तो आत्मस्तुतीचा पाढा वाचतो. मारियानला मात्र आपण अमक्याची पत्नी आणि तमक्यांची आई यापलीकडे काही सुचत नाही. संपूर्ण मालिकेचे बीज या विसंगतीत आहे. विवाह मोडतो तेव्हा दोघांपैकी एकापाशीच सांगण्यासारखी भाषा असते. उरलेल्या पाच भागांत दुसरी व्यक्ती ती मिळविते.

भाषेचा हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. दुसऱ्या भागात मारियानच्या कार्यालयात एक प्रौढ स्त्री येते. तिला घटस्फोट हवा आहे. नवरा वाईट नाही, व्यसनी नाही, परस्त्रीगामी नाही. विवाहात प्रेम नाही, एवढेच कारण. ती सांगते की तिच्या संवेदना मंद होत चालल्या आहेत, स्पर्श आणि दृष्टीही जणू पातळ झाली आहे. मारियान वकिली प्रश्न विचारीत राहते आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत जातो. कायद्यात आता कारण लागत नाही. पण कारण सांगण्याची गरज मात्र उरली आहे, आणि त्यासाठी शब्द नाहीत. तिसऱ्या भागात योहान रात्री घरी येऊन सांगतो की तो दुसऱ्या स्त्रीच्या प्रेमात आहे आणि सकाळी निघणार आहे. मारियान काय करते? त्याची बॅग भरण्यास मदत करते. दहा वर्षांच्या गृहकृत्यांची सवय दुःखापेक्षा वेगवान आहे. चौथ्या भागात ती आपल्या वहीत लिहिलेले आत्मचिंतन त्याला वाचून दाखविते. ती वाचत असता पडद्यावर तिच्या बालपणापासूनची छायाचित्रे येतात. उलमनच्या स्वतःच्या आयुष्यातील छायाचित्रे ती. मारियान प्रथमच स्वतःविषयी नेमके बोलली आहे. वाचन संपवून ती वर पाहते, तर योहान झोपी गेलेला असतो. प्रेक्षकाला हसू येते आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते. पाचव्या भागाचे नावच 'निरक्षर' असे आहे : भावनांच्या बाबतीत सुशिक्षित माणसे निरक्षर असतात, ही योहानची उपपत्ती. परंतु ती इतक्या सफाईने मांडणारा हाच माणूस त्याच भागात, घटस्फोटाच्या कागदांवर सही करावयाच्या रात्री, पत्नीला मारहाण करतो. उपपत्ती म्हणजे साक्षरता नव्हे, एवढे बर्गमनला दाखवावयाचे असावे. त्यामुळे योहानचे ते वाक्य लेखकाचा संदेश म्हणून उद्धृत करण्याची समीक्षेतील प्रथा तपासून घेण्याजोगी आहे.

स्वेन निकविस्टने हे सारे सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, बहुतांशी समीपदृश्यांत चित्रित केले. दूरचित्रवाणीचा लहान पडदा आणि चेहऱ्याचा आकार जवळजवळ सारखाच. 'इंतिमा'ची १६१ आसने आता प्रत्येक घरातील दिवाणखान्यात गेली आणि कक्षनाट्य शब्दशः कक्षात पोचले. पडद्यावर एक दाम्पत्य, पडद्यासमोर दुसरे.

या मालिकेमुळे स्वीडनमध्ये घटस्फोट वाढले अशी एक आख्यायिका प्रचलित आहे. १९७३ मध्ये तेथे सुमारे १६ हजार विवाहविच्छेद झाले, १९७४ मध्ये सुमारे २७ हजार. आकडे बोलके आहेत, पण ते दुसरेच काही बोलतात. १ जानेवारी १९७४ पासून नवा कायदा अमलात आला. विभक्त राहण्याची वर्षभराची अट गेली. सोळा वर्षांखालील मुले असतील किंवा एकाची संमती नसेल तरच सहा महिन्यांचा विचारकाल उरला. आधीपासून खोळंबलेली प्रकरणे त्या वर्षात निकालात निघाली. कलाकृतीचा समाजावरील परिणाम मोजण्याचा मोह अभ्यासकालाही आवरत नाही, परंतु येथे कलाकृती आणि कायदा ही दोन्ही एकाच दीर्घ वादाची अपत्ये आहेत. एकीला दुसऱ्याचे कारण ठरविणे सोपे आहे म्हणूनच टाळले पाहिजे.

त्या वादाचे भान बर्गमनला पुरेपूर होते. मालिकेच्या दुसऱ्या भागात योहान आणि मारियान 'बाहुलीघर'चा प्रयोग पाहून घरी येतात. पुढे १९८१ मध्ये, जर्मनीत वास्तव्य असताना, त्याने म्युनिकच्या रेसिडेन्झ नाट्यगृहासाठी एकाच संध्याकाळी तीन नाटके सादर केली : इब्सेनची 'नोरा', स्ट्रिंडबर्गची 'ज्युली' आणि स्वतःच्या मालिकेचे नाट्यरूप. शंभर वर्षांची परंपरा त्याने स्वतःच शेजारी शेजारी मांडली. तौलनिक अभ्यासाचा आराखडा एखाद्या दिग्दर्शकाने रंगमंचावर असा आयता द्यावा, हे क्वचितच घडते.

तथापि या परंपरेत एक मोठी उणीव आहे, आणि ती एका स्त्री-दिग्दर्शिकेच्या कृतींशेजारी ठेवल्यावर उघडी पडते. माय झेटरलिंगने 'प्रेमिक युगुले' (१९६४) हा चित्रपट आग्नेस फॉन क्रुसेनश्येर्नाच्या १९३० ते १९३५ मधील कादंबरीमालेवरून केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रसूतिगृहात असलेल्या तीन स्त्रियांच्या आठवणींमधून तेथे प्रेम आणि विवाह पाहिले जातात. म्हणजे कथेचा प्रारंभबिंदूच बाळंतपणाची खाट हा आहे. 'मुली' (१९६८) मध्ये तीन अभिनेत्री अॅरिस्टोफेनीसच्या 'लिसिस्ट्राटा'चा प्रयोग घेऊन गावोगाव फिरतात आणि नाटकातील स्त्रियांचे बंड त्यांच्या घरांतून प्रतिध्वनित होते. बिबी अँडरसन, हॅरिएट अँडरसन, गुनेल लिंडब्लूम या तिघीही बर्गमनच्या चित्रपटांतून घडलेल्या. त्या चित्रपटांत ज्यांचे चेहरे पाहिले गेले, त्यांना येथे बोलावयाचे आहे, आणि सभागृहातील श्रोते ऐकत नाहीत. चित्रपट त्या वेळी फारसा चालला नाही. झेटरलिंगला जे सहज दिसते ते बर्गमनच्या खोलीत जवळजवळ अदृश्य आहे : मुले. 'एका विवाहाची दृश्ये'मध्ये दोन मुलींचा उल्लेख वारंवार होतो, पण सुरुवातीनंतर त्या पडद्यावर येत नाहीत. मोठ्यांची वेदना इतकी सविस्तर आणि मुले पलीकडच्या खोलीत झोपलेली, ही निवड कलात्मक असली तरी निर्दोष नाही. २०२१ मध्ये हागाई लेव्ही याने अमेरिकेत या मालिकेचे नवे रूप केले. त्यात घर सोडून जाणारी व्यक्ती पत्नी आहे. मात्र बदललेल्या भूमिकांनी हा प्रश्न सुटत नाही.

या उणिवेचे उत्तर बर्गमनने दिले, पण तीस वर्षांनी. मूळ मालिकेच्या सहाव्या भागात दोघे, आता वेगवेगळ्या माणसांशी विवाहबद्ध, एका मित्राच्या घरी चोरून भेटतात. मध्यरात्री मारियान दुःस्वप्नाने जागी होते. स्वप्नात तिला हात नव्हते, फक्त तुटलेले अवशेष. योहान आणि मुली समोर होत्या आणि त्यांना धरता येत नव्हते. योहान तिला जवळ घेतो आणि प्रेमाची एक अपुरी, ऐहिक व्याख्या करून तिची समजूत घालतो. बहुतेक समीक्षा येथे थांबते. 'साराबांद' (२००३) या अखेरच्या चित्रकृतीत वृद्ध मारियान वृद्ध योहानला भेटावयास जाते. दोघांच्या वयातील अंतर तीस वर्षांत सातावरून तेविसावर कसे गेले याचा खुलासा बर्गमन करीत नाही. त्याला त्याची फिकीर नसावी. भेट निष्फळ ठरते, योहान बदललेला नाही. पण शेवटच्या प्रसंगात मारियान प्रेक्षकांशी बोलत सांगते की ती आपल्या मुलीला, मार्थाला, भेटावयास गेली होती. मार्था रुग्णालयात आहे, आजाराने स्वतःच्या आत कायमची मिटून गेलेली. मारियान तिचा चष्मा काढते आणि तिच्या चेहऱ्याला हात लावते. मार्था डोळे उघडते. आपण आपल्या मुलीला खरोखर स्पर्श करीत आहोत हे आयुष्यात प्रथमच जाणवले, असे मारियान म्हणते, आणि तेवढ्यावर चित्रपट संपतो.